पानाचं नाव, पानाचा डाग

मामांचा आक्षेप निळ्या रंगाला नव्हता. त्या निळ्यात पान कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं हेच कळत नाही, याला होता.

"हे पळसाचं म्हणतेस ना? मग मला तीन पर्णिका दाखव. मधली मोठी, बाजूच्या दोन तिरप्या. निदान देठाशी असलेला फुगीर भाग तरी दाखव."

"ते काही दिसत नाही, मामा. पण आहे पळसाचंच."

"म्हणजे हे मला तुझ्या तोंडून कळलं. कागदाने सांगितलं नाही."

मामा शहाद्याला वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, १९०१ ते १९०८ या काळात निघालेला, त्यांच्या टेबलावरून अजून हललेला नाही. मी नंदुरबारला शाळेत चित्रकला शिकवते आणि ऊन चांगलं असेल तेव्हा गच्चीवर सायनोटाइप करते. आमचा वाद जुना आहे. मामांना खोडून काढावं म्हणून मी तो इथे मांडत नाही. त्यांचं बरंच मला पटतं. जे पटत नाही, ते का पटत नाही हे त्यांच्याशी बोलता बोलताच मला उमगत गेलं.

आधी कृती सांगते, म्हणजे भांडण कशावरून आहे ते कळेल. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड ही दोन रसायनं वेगवेगळ्या पाण्यात विरघळवायची. दर १०० मिलिलिटरला पहिलं साधारण २५ ग्रॅम, दुसरं १०. वापरायच्या वेळी दोन्ही सारख्या मापाने एकत्र करायची आणि ते पिवळट हिरवं पाणी मंद दिव्याच्या उजेडात ब्रशने कागदावर लावून वाळवायचं. मी पुण्याच्या हातकागद संस्थेचा सुती कागद घेते, कारण बाजारातल्या बऱ्याच गुळगुळीत कागदांत खडूची पूड असते आणि ती या रंगाला मारक ठरते. कागदावर पान, पानावर काच, आणि मग ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी फेरिक लोहाचं फेरस होतं, ते फेरिसायनाइडशी संयोग पावतं आणि प्रशियन निळा तयार होतो. पानाच्या सावलीत काहीच घडत नाही. धुताना तिथलं रसायन वाहून जातं आणि कागद पांढरा राहतो. मार्चच्या दुपारी आमच्याकडे दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. धुण्याच्या पाण्यात मी लिंबू पिळते, कारण बोअरचं पाणी जड आहे आणि अल्कलीने हा निळा उडतो. जॉन हर्शल या खगोलशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये शोधलेली ही रीत पुढे इंजिनियरांच्या कचेऱ्यांत गेली आणि धरणांचे, पुलांचे, इमारतींचे नकाशे कित्येक दशकं याच निळ्यावर पांढऱ्या रेषांनी निघाले. ब्ल्यू प्रिंट ती हीच.

इथपर्यंत मामांची काही तक्रार नाही. पळसाचं पान चामड्यासारखं जाड, त्यातून ऊन पार होत नाही, त्यामुळे निळ्यावर स्वच्छ पांढरी आकृती उठते. कडा नेमक्या, प्रमाण नेमकं. अशी एक प्रत त्यांनी स्वतःच्या खोलीत लावली आहे.

पण मी तिथे थांबत नाही. कागद ओला असतानाच त्यावर पान ठेवते. पानावर व्हिनेगरचे थेंब, कडेला हळदीची चिमूट, एखाद्या कोपऱ्यात साबणाचा फेस. वर काच दाबून तो संच सकाळी उन्हात ठेवते, तो दुपार कलल्यावर उचलते. मामांनी ज्या प्रतीवर बोट ठेवलं ती अशीच होती. देठ जिथे टेकला होता तिथे गंजासारखा तांबूस डाग, त्याभोवती शेवाळी कडं. पान कागदाला घट्ट चिकटलं तिथे पांढरं. उन्हाने वाळून ते जिथे वळलं आणि कागदापासून सुटलं तिथे खालून उजेड शिरला, आणि त्या जागी निळा टप्प्याटप्प्याने गडद होत गेला आहे. काचेच्या आत साचलेली वाफ थेंब होऊन खाली ओघळली, तिच्या वाटा फिक्या पट्ट्यांत राहिल्या आहेत. हळदीला साबण लागला तिथे पिवळ्याचा लाल झाला आहे. पान म्हणून ओळखता येईल अशी एकही रेषा त्यात नाही.

"गायतोंड्यांचं मला चालतं," मामा म्हणाले. त्यांनी गायतोंड्यांची अमूर्त चित्रं मुंबईला पाहिली आहेत आणि ती त्यांना मनापासून आवडतात. "त्यांनी कॅनव्हासवर कुठल्या झाडाचं नाव घेतलं नाही. तू पळस म्हणतेस, म्हणून मी पळस मागतो. नाव घ्यायचं नसेल तर घेऊ नकोस, मग माझं काही म्हणणं नाही. आणि घेतलंस तर ते निभावून ने."

हा त्यांचा सगळ्यात नेमका मुद्दा आहे असं मला आजही वाटतं. अमूर्त चित्राला वनस्पतीचं नाव लावून मिरवणाऱ्या पुष्कळ कामाला तो लागू पडतो. एखाद्या पानाचा ठसा घ्यायचा, त्यावर रंग ओतायचे आणि खाली झाडाचं सुंदर नाव लिहायचं, यात झाड फक्त शीर्षकापुरतं उरतं. मला तसं करायचं नाही.

"ॲना ॲटकिन्सचं उदाहरण तूच मला दिलंस," मामा पुढे म्हणाले. "तिने काय केलं? हार्वीचं ब्रिटिश शैवालांवरचं पुस्तक १८४१ ला आलं, त्यात चित्रं नव्हती. बाईंनी १८४३ पासून दहा वर्षं एकेक शैवाल कागदावर ठेवून छापलं. याच निळ्यात. आणि प्रत्येकाखाली लॅटिन नाव, तेही छापलेलं, तिच्याच हातच्या अक्षरात. फोटोच्या रीतीने सजवलेलं जगातलं पहिलं पुस्तक निघालं ते वनस्पतीचं, आणि ते नावासकट होतं."

"आणि त्या पुस्तकावर तिचं स्वतःचं नाव?"

"नुसती आद्याक्षरं. ए. ए."

"त्यावरून ग्लासगोच्या एका संग्राहकाने पुढे 'ॲनॉनिमस ॲमॅच्युअर' असा अर्थ काढला. कुणी तरी अनामिक हौशी माणूस म्हणून."

"तो दोष तिचा नाही, मागच्यांचा. तेवढ्यावरून शैवालाचं नाव पुसायचं का?"

पुसायचं नव्हतंच मला. मला दुसरंच सांगायचं होतं, आणि ते त्या शैवालांतच होतं. ॲटकिन्सबाईंनी सुरुवातीला शैवालंच का घेतली? हार्वीच्या पुस्तकाला चित्रांची जोड हवी होती, हे एक कारण. पण शैवाल पातळ असतं, पाण्यात तरंगवून कागदावर हवं तसं पसरता येतं, आणि त्यातून उजेड पार होतो. त्यामुळे तिच्या पानांवर नुसती बाह्याकृती नाही. जिथे शैवाल दाट तिथे पांढरं, विरळ तिथे आकाशी, एकावर एक पडलं तिथे त्याहून वेगळी छटा. वनस्पतीच्या अंगाचा दाटविरळपणा उजेडाने मोजून कागदावर ठेवला.

"तुमच्या खोलीतल्या पळसात हे काहीच नाही," मी म्हटलं. "ती पांढरी आकृती म्हणजे उन्हाला जिथे अडथळा आला ती जागा. पानाने तिथे काय केलं? आडवं आलं, एवढंच. पळसाच्या आकाराचा पुठ्ठा कापून ठेवला असता तरी तशीच प्रत निघाली असती. तुम्हाला ओळखू येतं ते पळसाच्या कडेमुळे. पळस तिथे नाही."

मामा यावर लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "कड ही पण पळसाचीच असते."

"असते. पण आतलं सगळं जातं."

"आणि तुझ्या डागात आतलं येतं?"

यायला लागतं, असं माझं म्हणणं आहे, आणि त्याला रसायनाचा आधार आहे. कारेल डोइंग हा मूळचा डच कलावंत फायटोग्राम नावाची रीत वापरतो. पानं धुण्याच्या सोड्याच्या आणि क जीवनसत्त्वाच्या पाण्यात भिजवायची आणि कृष्णधवल फिल्मवर किंवा ब्रोमाइड पेपरवर उन्हात ठेवायची. डार्करूममध्ये फोटो उमटवायला डेव्हलपर लागतो. इथे पानातली फिनॉल जातीची द्रव्यं ते काम करतात. म्हणजे पान स्वतःच्या रसाने स्वतःची प्रतिमा उमटवतं. ज्या पानात ही द्रव्यं जास्त, त्याची खूण जास्त काळी. कोवळ्या आणि जून पानांची खूण एकसारखी नसते. आमच्याकडे फोटो स्टुडिओ डिजिटल झाले तेव्हा मुदत संपलेल्या ब्रोमाइड पेपरची पाकिटं माळ्यावर पडून राहिली. तशी काही मला मिळाली. त्यांवर पानं ठेवून मी काहीही न लावता नुसतं ऊन देते आणि शेवटी हायपोत, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या द्रावणात बुडवते, ते ल्यूमेन प्रिंट. कागद काळापांढरा, पण उन्हात कित्येक तास राहिल्यावर त्यावर विटकरी, गुलाबी, जांभळट छटा येतात, आणि पानातला ओलावा जिथे पाझरला तिथे त्या बदलतात. हायपोत गेल्यावर त्यांतल्या बऱ्याच फिक्या होतात. हे रंग मी लावलेले नसतात.

मामांना हे आवडलं, पण पुरेसं वाटलं नाही. "द्रव्यं आली हे मान्य. पण फिनॉल सगळ्याच झाडांत असतात. डागावरून झाड ओळखता येतं का?"

मग मी त्यांना तळोद्याच्या जंगलाची आठवण दिली. दर पावसाळ्याच्या तोंडावर ते मुलांना तिकडे न्यायचे. मी शाळेत होते, एकदा हट्ट करून बरोबर गेले होते. सागाला नवी पालवी फुटलेली. मामांनी मुलांना सांगितलं, कोवळं पान खुडा आणि दोन बोटांत चुरगळा. सगळ्यांची बोटं रक्तासारखी लाल झाली. मामा म्हणाले होते, हा साग. बाकी काही विसरलात तरी हे विसरू नका.

"त्या डागाला पर्णिका होत्या का, मामा?"

"नव्हत्या."

"कड होती?"

"नव्हती. पण डाग ही खूण आहे, नमुना नव्हे," मामा म्हणाले. "त्या मुलांच्या हातात पान होतं, समोर झाड होतं, मग डाग पडला. डाग झाडाला बांधलेला होता. तो नुसता कागदावर आणून दाखवलास तर मी तो सागाचा म्हणणार नाही. विड्याचा म्हणेन, कदाचित."

इथे माझी बाजू पूर्ण जिंकत नाही, पण पुढे सरकते. डाग आकाराहून कमी खरा असतो, असं आता मामाही म्हणत नव्हते. तो झाडाला बांधलेला हवा, एवढीच त्यांची अट राहिली होती. आणि फोटोच्या या रीतींत ती गाठ असतेच. रंगाने काढलेल्या चित्राला झाडाजवळ जावंही लागत नाही. ओला सायनोटाइप, ल्यूमेन, फायटोग्राम यांत झाड त्या कागदावर टेकलं नाही तर त्याचं काहीच उमटत नाही. माझ्या प्रतीत आकार विरघळला असेल, स्पर्श विरघळलेला नाही. मी अमूर्ताकडे ब्रश घेऊन न जाता ऊन आणि पान घेऊन जाते, ते याचसाठी.

मग मामांनी दापोडीचा विषय काढला. पुण्याजवळ दापोडीला कंपनी सरकारची वनस्पतिबाग होती. तिचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन याने १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून बागेतल्या झाडांची चित्रं करून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पतिबागेच्या संग्रहात आहेत. मामांनी त्यांच्या छापील प्रती पाहिल्या आहेत. पाकळीची मुरड, पानाच्या मागच्या बाजूचा फिका हिरवा, पुंकेसरांची संख्या, सगळं जिथल्या तिथे. "नजर अशी हवी," ते म्हणाले. "हा माणूस पोर्तुगीज वळणाचा इथलाच, आणि त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही."

"झाडांची नावं राहिली."

"झाडांची नावं राहिली," मामांनी कबूल केलं. "आणि म्हणूनच ती चित्रं आज उपयोगी आहेत."

त्यांचं नावाबद्दलचं बोलणं मी पूर्वी शास्त्रज्ञाची शिस्त म्हणून ऐकत असे. त्या दिवशी त्यांनी नर्मदेचं उदाहरण दिलं आणि मला त्यामागचं ओझं कळलं. सरदार सरोवरात आपल्या जिल्ह्यातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं गेली. मणिबेलीपासून सुरुवात झाली. घरं गेली, शेतं गेली, नदीकाठचं जंगल गेलं. "त्या काठावर काय उगवत होतं हे आता कुठे बघायचं? कुणी तिथे जाऊन फांदी तोडली असेल, वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबली असेल, रोज कागद बदलून वाळवली असेल, शीटवर शिवली असेल, आणि कोपऱ्यात लिहिलं असेल: गाव, तारीख, ओढ्याच्या डाव्या काठाला, फूल पांढरं, गोळा करणाऱ्याचं नाव, क्रमांक. ते कागद पुण्याला बोटॅनिकल सर्व्हेकडे असतील, मुंबईला ब्लॅटर हर्बेरियममध्ये असतील. तेवढाच पुरावा. तिथे तू नुसता निळा डाग ठेवला असतास तर पाण्याखाली गेलेल्या झाडाला कुणी विचारलं असतं का?"

मला उत्तर देता आलं नाही आणि द्यावंसंही वाटलं नाही. ते खरं आहे. जिथे झाड उद्या राहणार नाही, तिथे नाव आणि गाव आधी लिहून ठेवलं पाहिजे.

पण त्याच वाक्यात मामा एक गोष्ट बोलून गेले होते, ती मी धरली. "फूल पांढरं असं लेबलवर का लिहावं लागतं?"

"वाळल्यावर रंग जातो म्हणून."

"पळसाचा?"

"काळपट तपकिरी होतो. लेबल वाचल्याशिवाय केशरी होता हे कळणार नाही."

म्हणजे हर्बेरियमच्या शीटवर आकार टिकतो आणि रंग फक्त शब्दात उरतो. रंग, रस, ओल आणि त्या दिवसाचं ऊन यांना तिथे जागाच नाही. यात शास्त्राची चूक नाही, त्याची गरज वेगळी आहे. पण ज्याला जागा नाही ते झाडात नव्हतंच असं तर होत नाही.

टिकण्यावरून आमचं सगळ्यात जास्त वाजलं. सायनोटाइपची रीत मांडणाऱ्या १८४२ च्या निबंधातच हर्शलने फुलांच्या रसावर उजेडाचा काय परिणाम होतो याचे प्रयोग लिहिले आहेत. फुलांचा किंवा पानांचा रस काढून कागदावर लावायचा, वाळला की त्यावर पान ठेवून उन्हात ठेवायचं. उघडा भाग उडतो, झाकलेला रंग राहतो. याला अँथोटाइप म्हणतात. यात उजेडाने बदलणारं बाहेरचं एकही रसायन लागत नाही. झाडाच्याच रंगात झाडाचीच प्रतिमा, आणि करणारं ऊन. मी पळसाच्या फुलांचा रंग काढते. होळीच्या आधी सातपुड्याच्या पायथ्याला पळस पेटलेला असतो, खाली सडा पडतो. तोच वेचते, फांदीला हात लावत नाही. फुलं पाण्यात उकळली की नारिंगीकडे झुकणारा पिवळा उतरतो, त्यात चुन्याची निवळी घातली की तांबूस होतो. पूर्वी होळीला हाच रंग खेळायचे. कागदावर लावून उन्हात ठेवला की दिवसागणिक उतरत जातो.

लाल मिरचीचाही रंग मी घेतला आहे. आपल्या गावात मिरचीच्या पथारी पाहिल्या नाहीत असा माणूस सापडणार नाही. हंगामात शहराबाहेर एकरच्या एकर जमीन लाल झालेली, खोकला येईल इतका वास, आणि फडकं बांधून मिरची वरखाली करणाऱ्या बाया. मिरचीचा लाल कॅरोटिनॉइड जातीचा, पाण्यात उतरत नाही, म्हणून स्पिरिटमध्ये काढावा लागतो. कागदावर लावला की सुरुवातीला भडक असतो. त्यावर सीताफळीचं पान ठेवून काच दाबायची आणि रोज उन्हात ठेवायचं. ऊन लाल खात जातं.

"मिरचीच्या व्यापाऱ्याला हे तू शिकवायची गरज नाही," मामा म्हणाले. "जास्त ऊन लागलं की रंग गेला, आणि रंग गेला की भाव गेला. तो जे वाचवायला धडपडतो ते तू मुद्दाम घालवतेस. बरं, एवढं करून जी प्रत निघते ती भिंतीवर लावता येते का?"

येत नाही. अँथोटाइप पक्का करायची रीत नाही. ज्या उजेडाने तो बनला त्याच उजेडात तो नाहीसा होतो. बघायला बाहेर काढलं की थोडा मरतो. हर्शलच्या अशा काही प्रती पावणेदोनशे वर्षांनंतरही शिल्लक आहेत, त्या अंधारात ठेवल्या म्हणून.

"मग हे काम कशाला? ब्लॅटरमध्ये शंभर वर्षांपूर्वीचं पान मी आज बघू शकतो. तुझा पळस पुढच्या होळीला राहणार नाही."

"झाडावरचा तरी कुठे राहतो?"

"झाडावरचा पुन्हा येतो," मामा म्हणाले. "कागदावरचा येत नाही. हा फरक विसरू नकोस."

फरक खरा आहे. मी तो विसरलेली नाही, पण त्यावरून माझा निष्कर्ष त्यांच्यापेक्षा वेगळा निघतो. टिकणारी प्रत हवी तिथे मी लोहाकडे जाते. सायनोटाइप उजेडात फिका पडला तरी अंधारात ठेवल्यावर हवेने पुन्हा गडद होतो, हा त्याचा मला फार आवडणारा गुण. निळा नको असेल तर तो धुण्याच्या सोड्यात पिवळा करून हिरड्या-बेहड्याच्या काढ्यात बुडवते. काढ्यातलं टॅनिन लोहाला धरतं आणि काळपट तपकिरी प्रत मिळते. हिराकस आणि हिरड्याच्या जुन्या शाईचं रसायन हेच. यात सातपुड्याचं एक झाड दुसऱ्या झाडाची प्रत पक्की करतं. आणि न टिकणारी प्रत मी करते ती न टिकण्यासाठीच करते. पळसाचा रंग उन्हाने जातो हे सांगायचं, तर तो जाताना दिसला पाहिजे. फोटोचा फोटो काढून ते होत नाही.

मामांनी शेवटी जो प्रश्न विचारला तो वनस्पतिशास्त्राचा नव्हता. "धडगावकडे बाया पहाटे उठून मोहाखाली जातात. फुलं वेचतात, वाळवतात, विकतात. त्यांच्या घरी मोह म्हणजे चार पैसे, पोटाला आधार, देवाला लागणारं. तू मोहाचा डाग करून मुंबईत लावणार. त्या बाईला त्यात काय?"

"काही नाही," मी म्हटलं. आणि हे मी विचार करून म्हटलं. त्या बाईला मोह माझ्याहून जास्त माहीत आहे, मामांहूनही. तिला माझ्या कागदाची गरज नाही, आणि माझ्या कागदाने तिच्या वतीने बोलू नये. सातपुड्यातलं पान वापरलं म्हणून त्या कामाला आदिवासी कला म्हणणं, त्या शब्दाच्या जोरावर ते विकणं, हे मला अप्रामाणिक वाटतं. मोहाचं फूल मांसल, रसाळ. ओल्या सायनोटाइपवर त्याचा रस पसरून मोठे गोल डाग पडतात, फार देखणे. पण ते देखणेपण माझ्या बघण्याचं आहे. कुठल्या लोकांचं जगणं त्यात आलं असं मी म्हणणार नाही.

"हे मात्र लिहून ठेव," मामा म्हणाले.

"लिहीनच. पण लेबलाचं काय ते ठरवू."

यावर आम्ही बराच वेळ घासाघीस केली. मामांची मागणी अशी, की प्रत्येक प्रतीवर हर्बेरियमसारखं लेबल हवं. शास्त्रीय नाव, कुळ, गाव, तारीख, कुणी गोळा केलं. मी म्हटलं, देईन, आणि त्यात आणखी भर घालीन. कागद कोणता, पाणी कुठलं, ऊन किती तास, ढग होते का, पान पडलेलं की तोडलेलं, जून की कोवळं. कारण माझ्या डागात तेही सगळं उतरलेलं असतं. त्याच पळसाचं तेच पान श्रावणात ठेवलं तर वेगळी प्रत निघते. मामांना ही भर आवडली. त्यांच्या लेबलवर उन्हाचे तास लिहायची सोय कधीच नव्हती, असं ते म्हणाले.

अडलं ते लेबल कुठे लावायचं यावर. मामा म्हणतात पुढे, खालच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे ते असतं. मी म्हणते मागे. पुढे पळस लिहिलं की बघणारा पळस वाचतो, मान डोलावतो आणि पुढच्या चित्राकडे जातो. नाव कळल्यामुळे बघणं थांबतं. आधी त्याने तो गंजासारखा डाग बघावा, ओघळांच्या वाटा बघाव्यात, हे कशामुळे झालं असेल असं त्याला वाटावं, मग त्याने प्रत उलटावी.

"आणि उलटलीच नाही तर?"

"तर त्याने निदान पाहिलं तरी."

"माझे विद्यार्थी आधी नाव विचारायचे, मग बघायचे. नाव कळल्यावर नीट बघायचे. नावाने डोळा उघडतो, मिटत नाही."

दोघांनाही माघार घ्यायची नाही. तडजोड निघाली ती मामांकडून, आणि ती खरं तर तडजोड नाही, वादाची पुढची फेरी आहे. जूनमध्ये पहिल्या सरी झाल्या की तळोद्याकडे जायचं, रीतसर विचारून सागाची पालवी फुटलेली एकच फांदी घ्यायची. अर्धी मामा दाबणार, वाळवणार, शीटवर शिवणार. उरलेल्या अर्ध्यातली पानं मी चुरगळून त्या लालने कागद माखणार आणि त्यावर त्याच फांदीचं पान ठेवून ढगांतून मिळेल तेवढ्या उन्हात अँथोटाइप करणार. दोन्हींना मामांच्या वहीतला एकच क्रमांक.

"म्हणजे तुझी प्रत माझ्या नमुन्याची जोडप्रत," मामा म्हणाले.

"किंवा तुमचा नमुना माझ्या प्रतीची."

"तसं वहीत लिहिता येत नाही. नमुना आधी येतो."

"पालवीचा लाल वाळण्याआधी घ्यावा लागतो, मामा. त्या दिवशी माझा कागद आधी होईल."

त्यांनी वही उघडून पुढचा रिकामा क्रमांक पाहिला, पण समोर काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.